दुधावरचं बाळ

शांभवीने हिराबाईंच्या दारातल्या रांगोळीचा एक कोपरा खाल्ला, तेव्हा राजलक्ष्मीला कौतुकच वाटलं. हिराबाई समोर राहायच्या. पहाटे सडा घालून ठिपक्यांची मोठी रांगोळी काढायच्या आणि ती दुपारपर्यंत तरी टिकावी एवढीच त्यांची अपेक्षा असायची. त्या दिवशी त्या शांभवीला कडेवर घेऊनच आल्या.

"अक्का, ही तुमची नात घ्या. माझं कमळ खाल्लं हिनं. दोन पाकळ्या ठेवल्यात, दया येऊन."

राजलक्ष्मीने पदराने नातीचं पांढरं तोंड पुसलं. "कृष्ण माती खायचा. आमची ही जरा नीटनेटकी आहे, रांगोळी खाते."

"काल माती पण खात होती, तुळशीतली. परवा भिंतीचा चुना. अक्का, कृष्णाच्या तोंडात ब्रह्मांड दिसलं म्हणतात. हिच्या तोंडात बघा एकदा. हिरड्या बघा किती पांढऱ्या."

"रांगोळीनं झाल्या असतील."

"पुसून बघा."

राजलक्ष्मीने बोट घालून पुसलं. हिरड्या पांढऱ्याच राहिल्या.

शांभवी दीड वर्षाची होती. तिचा बाप, राजलक्ष्मीचा मुलगा हरिप्रसाद, होसूरच्या एका नव्या कारखान्यात लागला होता आणि महिन्यातून एकदा रात्रीच्या बसने यायचा. आई नित्या तंजावरातच बँकेत होती. बँकेत नुकतेच कॉम्प्युटर आले होते आणि जुनी माणसं त्यांच्याकडे पाहायलाही तयार नव्हती, म्हणून सगळं काम नित्याच्या गळ्यात. तेव्हा शांभवी दिवसभर आजीकडे. आजीने तिला वाढवलं होतं ते दुधावर.

सांबशिव सकाळ-संध्याकाळ गाय घेऊन दारात यायचा आणि राजलक्ष्मीच्या डोळ्यांसमोर धार काढायचा. पिशवीतल्या दुधावर तिचा विश्वास नव्हता. डब्यातली पिठं तर बाजारात ढिगाने आली होती, प्रत्येकावर एक गुबगुबीत पोर हसत असायचं. "ते पोर काय खातं कुणास ठाऊक," राजलक्ष्मी म्हणायची. ती पाय पसरून बसायची, शांभवीला पायांवर आडवी घ्यायची आणि चांदीच्या बोंडल्याने दूध पाजायची. खडीसाखर घालून, कधी केशराची काडी टाकून. पोर रडली की दूध, झोप आली की दूध, उठली की दूध. उष्टावण रीतसर झालं होतं. मामाने येऊन खिरीचा घास भरवला, फोटो निघाला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोंडलं बाहेर आलं. भात कुठे पळून जातो, दात येऊ देत, असं राजलक्ष्मी म्हणाली. दात आले. मग म्हणाली, दाढा येऊ देत.

आपल्या घरात मांस-मच्छी नाही, तर पोराला ताकद कुठून येणार? दुधातून. तिच्या आईने तसंच सांगितलं होतं, सासूनेही. शिवाय शांभवी बाळसेदार होती, गोरीपान होती. गेल्या काही महिन्यांत ती आणखीच गोरी झाली होती, आणि सगळ्यांना त्याचा आनंदच झाला होता.

संध्याकाळी नित्या आली. हिरड्यांचं ऐकून तिने काही बोलायच्या आत मुलीची नखं दाबून पाहिली. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. मग सासूला म्हणाली, "अत्या, ही आताशा चालतसुद्धा नाही फार. आपल्याला वाटत होतं शहाणी आहे, एका जागी बसते."

डॉक्टरांकडे जायचं ठरलं आणि घरात दुसरीच चिंता सुरू झाली. राजलक्ष्मीचे यजमान कल्याणराम रेल्वेच्या तिकीट खिडकीतून निवृत्त झाले होते. समोरचा माणूस काय मागणार हे तो तोंड उघडायच्या आत आपल्याला कळतं, असा त्यांचा समज होता. "अंडं सांगतील," ते म्हणाले. "लिहून ठेव. आजकाल सगळे तेच सांगतात."

"सांगू देत की," राजलक्ष्मी म्हणाली. दुसऱ्या दिवशी नित्याबरोबर रिक्षात बसल्यापासून ती आपलं उत्तर मनातल्या मनात घोळवत होती. आमच्या घरात चार पिढ्या अंडं आलं नाही. माझा मुलगा सहा फूट आहे. वगैरे.

डॉक्टर पूंगोडी पापनाशमजवळच्या खेड्यातल्या. आवाज मोठा, हात हलका. रक्त तपासून झालं, कागद आला, तो त्यांनी वाचला. मग तमिळमध्ये विचारलं, "मामी, ही खाते काय?"

"शुद्ध गाईचं दूध," राजलक्ष्मी म्हणाली.

"आणि?"

"दिवसभर पिते. कधी नाही म्हणत नाही."

"आणि जेवण?"

"आम्ही अंडं खात नाही," राजलक्ष्मी म्हणाली. तयारी केलेलं वाक्य बाहेर पडलंच.

"मी कुठे म्हणाले खा म्हणून? मी जेवण विचारतेय. भात, डाळ, भाजी." डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. "हिच्या अंगात रक्त फार कमी आहे. म्हणून माती खाते, चुना खाते. दूध वाईट नाही, मामी. पण रक्ताला लोह लागतं आणि ते दुधात नसल्यातच जमा आहे. पोट दुधाने भरलं की दुसरं काही आत जात नाही. माझ्याकडे रोज मासे शिजणाऱ्या घरातली मुलंही अशीच येतात. सगळी दुधावर. माझ्या बहिणीचा मुलगाच तसा होता."

"मग काय द्यायचं?"

"आधी काय द्यायचं नाही ते सांगते. दूध. सध्या अगदी बंद. हे औषध देते मी, ते द्या. डाळ, नाचणी, शेवग्याचा पाला, त्यावर लिंबू पिळा. तुम्ही जे खाता तेच, मऊ करून. महिन्याने रक्त परत तपासू. वाढलं नाही तर मोठ्या इस्पितळात ठेवून बाहेरचं रक्त चढवावं लागेल."

राजलक्ष्मीची सगळी तयारी अंड्याविरुद्ध होती. दुधाच्या बाजूने लढायची वेळ येईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. परतीच्या वाटेवर ती एवढंच म्हणाली, "कुणाचं रक्त असेल ते? काय खाणाऱ्याचं?"

घरी कल्याणरामांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "बाटलीवर वाचून घे. शाकाहारी असेल तरच चढवा म्हणावं."

नित्याला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. सुनेने राजलक्ष्मीला एका शब्दाने दोष दिला नव्हता. दिला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात संप सुरू झाला. शांभवीने डाळभात थुंकला. नाचणी थुंकली. मेतकूट-भात तोंडात धरून ठेवला आणि बऱ्याच वेळाने कल्याणरामांच्या धोतरावर सोडला. कावळा दाखवला, चिमणी दाखवली, टीव्ही लावला. ती सगळं पाहायची आणि तोंड मिटून घ्यायची. औषध तेवढं ओरडत ओरडत पोटात जायचं. औषधाने शी काळी झाली तेव्हा राजलक्ष्मी ती टोपलीखाली झाकून संध्याकाळपर्यंत नित्याची वाट पाहत बसली. असं होतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलंच होतं. राजलक्ष्मीने त्या वेळी ऐकलं नव्हतं.

सांबशिवाला दूध नको म्हणून सांगितलं तर तो गायीच्या बाजूने रागावला. "माझ्या लक्ष्मीत काय खोट काढली डॉक्टरनी?" तो दारात थांबेनासा झाला, पण गाय सवयीने थांबायची. तिला ओढून पुढे न्यावं लागे. ती हंबरली की आतून शांभवी "पाल, पाल" करत दाराकडे निघायची. मराठी घरातल्या त्या पोरीला दुधाचा तमिळ शब्दच तेवढा बोलता यायचा, आणि आता दिवसभर घरात तोच ऐकू यायचा. कॉफीचा वास आला तरी रडायची. म्हणून कॉफी बंद झाली. कल्याणराम कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊ लागले आणि तिथली कॉफी फार वाईट असते असं सांगत तासभर बसून येऊ लागले.

अशा एका दुपारी घरात दोघीच होत्या. शांभवी सकाळपासून काही न खाता रडून रडून थकली होती. आवाज बसला होता. राजलक्ष्मीला ते ऐकवेना. दह्यासाठी म्हणून हिराबाईंकडून थोडं दूध आणून लपवून ठेवलं होतं, ते तिने कोमट केलं, खडीसाखर घातली, बोंडलं भरलं. एकदाच. कुणाला कळणार आहे. ती पाय पसरून बसली.

बोलवावं लागलं नाही. शांभवी आपण होऊन आली, आजीच्या पायांवर आडवी झाली, मान मागे टाकली आणि तोंड उघडलं.

राजलक्ष्मीने त्या तोंडात पाहिलं. दात आले होते, दाढाही आल्या होत्या, तिने म्हटल्याप्रमाणे. त्यांच्याभोवती हिरड्या कागदासारख्या होत्या.

बोंडलं तिच्या हातात कललं होतं. तिने ते स्वतःच्या तोंडाला लावलं आणि सगळं दूध पिऊन टाकलं.

शांभवी रडायचीच विसरली. उठून बसली आणि आजीकडे बघत राहिली. दूध गेलं याचं दुःख नंतर झालं असतं. आधी आश्चर्य होतं. आजीही काही खाते-पिते हे तिला नवीन होतं. राजलक्ष्मी सगळ्यांच्या शेवटी, सोवळ्यात, आत स्वयंपाकघरात एकटी जेवायची, आणि सोवळ्यात शिवू नये म्हणून त्या वेळी पोरीला बाहेर कुणीतरी धरून ठेवायचं किंवा ती झोपलेली असायची. दीड वर्षात तिने आजीला जेवताना पाहिलं नव्हतं. तिला भरवायला यायच्या त्या सगळ्या वाट्या होत्या, चमचे होते, आणि समोर काळजीचे चेहरे.

हे राजलक्ष्मीच्या लक्षात आलं म्हणून की नुसती भूक लागली म्हणून ती उठली, ते तिलाही सांगता आलं नसतं. सकाळपासून तीही जेवली नव्हती. तिने ताटात भात घेतला, शेवग्याच्या पाल्याची डाळ ओतली, लिंबू पिळलं, आणि स्वयंपाकघरात न जाता तिथेच शांभवीच्या समोर येऊन बसली. पोरीकडे बघितलं नाही. कालवून मुकाट्याने जेवायला लागली.

दोन-चार घास झाले तसं ताटाच्या कडेवर एक हात आला. राजलक्ष्मी जेवत राहिली. हात भातात गेला, बराच वेळ तिथे काहीतरी शोधत राहिला, मूठ होऊन बाहेर आला. निम्मं खाली सांडलं. निम्मं आत गेलं. शांभवी विचारात पडल्यासारखी चावू लागली.

कल्याणराम हॉटेलातून आले आणि दारातच थबकले. एका ताटात आजी आणि नात, आजीचं उष्टं नातीच्या तोंडात, नातीचं आजीच्या.

"तुझं सोवळं?" त्यांनी विचारलं.

"हळू बोला," राजलक्ष्मी म्हणाली. "आणि समोर उभे राहू नका. तिचं लक्ष जातं."

मग रोज तसंच. वेगळं मऊ काही करायचं नाही, भरवायचं नाही, आग्रह नाही. राजलक्ष्मी सगळ्यांच्या आधी जेवू लागली, ओसरीवर, आणि शांभवी तिच्या ताटात. काही दिवस ती फक्त डाळ खायची, काही दिवस फक्त लिंबाची फोड चोखायची. हिराबाई बघायला यायच्या. "अक्का, तुम्हीच जरा गोल दिसायला लागलात," त्या म्हणाल्या. "दोनदा जेवावं लागतं," राजलक्ष्मी म्हणाली. "एकदा हिच्यासाठी, एकदा माझ्यासाठी."

महिन्याने तिघी पुन्हा दवाखान्यात गेल्या. रक्त काढताना शांभवी पहिल्यापेक्षा खूपच जोरात ओरडली. कागद आला तेव्हा राजलक्ष्मीने नित्याचा हात धरला होता. धरला आहे हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

"वाढलंय," डॉक्टर पूंगोडी म्हणाल्या. "पुरेसं नाही अजून, पण चांगलं वाढलंय. बाहेरचं रक्त नको. औषध चालू ठेवा, जेवण चालू ठेवा. आता दिवसातून एक पेला दूध दिलंत तरी चालेल. जेवणानंतर. आणि पेल्याने, मामी, बोंडल्याने नको."

बाहेर फाटकापाशी एक बाई पालेभाज्यांची टोपली घेऊन बसली होती. राजलक्ष्मी टोपलीपुढे उकिडवी बसली आणि जुड्या उचलून बघू लागली. नित्याच्या कडेवरून शांभवी खाली झुकली, एक पान ओढलं आणि ओठांना लावून थू केलं. कच्चं तिला आवडलं नाही.

"अत्या," नित्या म्हणाली, "सांबशिवाला सांगू का उद्यापासून?"

राजलक्ष्मी एका जुडीचा देठ मोडून बघत होती. कोवळा होता, कट्कन तुटला.

"सांग. तुझ्या सासऱ्यांच्या कॉफीपुरतं घाल म्हणावं," ती म्हणाली. "हिचं जेवण होऊ दे आधी. मग बघू." आणि तिने भाजीवालीला आणखी एक जुडी काढायला सांगितली.