ड्रॉवरमधली बाई

मी घड्याळ बोलतेय. हो, 'बोलतेय'च, कारण माझ्या पोटातला आवाज बाईचा आहे. मला एकच बटण आहे. ते दाबलं की मी वेळ सांगते आणि तास भरला की न विचारताही सांगते. बाकी मला काही येत नाही.

वैजनाथ वाशिमहून पुण्याला शिकायला निघाला, तेव्हा त्याच्या आईने मला त्याच्या मनगटावर बांधलं. त्याला जन्मापासून दिसत नाही. सदाशिव पेठेतल्या खोलीत तो आणि त्याचा मित्र शुभंकर राहायचे. सकाळी जाग आली की वैजनाथचं बोट आधी माझ्या बटणावर यायचं.

मग स्मार्टफोन आला. तो मेसेज वाचून दाखवी, नोटा ओळखी, बसचा थांबा सांगे. पुढे वैजनाथला हिंजवडीत नोकरी लागली, अंध माणसांना ॲप नीट वापरता येतात का हे तपासायची. फोनने त्याला जे दिलं, ते मी सात जन्मांत देऊ शकले नसते. त्यामुळे राग नाही.

"अरे, फोन वेळही सांगतो की! मग हे कशाला मिरवतोस?" शुभंकर एकदा म्हणाला. त्याच दिवशी माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली.

लग्नानंतर वैजनाथ आणि नम्रता वारज्याला राहायला गेले. पहिल्याच आठवड्यात नम्रता घरी एकटी असताना मी ड्रॉवरमधून वेळ सांगितली. तिने घाबरून त्याला फोन लावला.

"घरात कोण बाई आहे रे?"

तो हसत सुटला. "बंद करून टाकतो तिला."

"राहू दे. आता ओळख झालीये आमची."

माझा सेल संपला तेव्हा नवा तिनेच घालून आणला.

नम्रताला नववा महिना नुकताच लागला होता. तिची आई पुढच्या आठवड्यात यायची होती. वैजनाथ घरूनच काम करत होता. एका दुपारी अचानक कळा सुरू झाल्या, नम्रताला डोळे उघडवेनात. वैजनाथने डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"दोन कळांमध्ये किती वेळ जातोय, ते सांगा. मी फोनवरच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

वेळ कळावी म्हणून त्याने स्क्रीनला हात लावला. फोन वाचू लागला, त्यात डॉक्टरांचं बोलणं मिसळलं. घामेजलेलं बोट भलतीकडे पडलं आणि फोन कट झाला. रोज दुसऱ्यांची ॲप तपासणारा माणूस! पण त्या दिवशी त्याचे हात थरथरत होते.

"नम्रता, मला जमत नाहीये गं."

असं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"ड्रॉवरमधली बाई काढ," दात आवळून नम्रता म्हणाली.

त्याने मला बांधलं. तो हात नम्रताच्या मुठीत दिला, दुसऱ्या हाताचं बोट बटणावर ठेवलं. फोन पुन्हा लागला. कळ आली की तो बटण दाबायचा आणि मी सांगायचे.

"हे कोण बोलतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"घड्याळ, डॉक्टर."

"छान. निदान ते तरी शांत आहे." थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "पुरे. आता एक क्षणही थांबू नका. निघा."

शेजारच्या रणजितने गाडी काढली. कुठे गर्दी आहे, कुठून वळायचं, ते फोनने सांगितलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दवाखान्यात पोहोचल्यावर थोड्याच वेळात मुक्ताई झाली. "आणखी थांबला असतात, तर गाडीतच झालं असतं सगळं," डॉक्टर म्हणाल्या.

परवा शुभंकरने वैजनाथला नवं स्मार्ट घड्याळ आणून दिलं. ते नाडी मोजतं, झोप मोजतं, फोनही उचलतं. एका हातावर मी होतेच, वैजनाथने ते आनंदाने दुसऱ्या हाताला बांधलं.

"दोन्ही हातांत घड्याळं? वेड्यासारखा दिसतोस," शुभंकर म्हणाला.

"मला कुठे दिसतंय!" वैजनाथ म्हणाला.

शंभर कामं करणारी यंत्रं येतच राहणार, आणि यावीतच. मला त्यांची भीती वाटत नाही. तुम्हीही खुशाल घ्या. फक्त जुनं भंगारात देण्याआधी एकदा बघा, त्याचं ते एकुलतं एक काम नव्या यंत्रावर डोळे मिटून, थरथरत्या हातांनी जमतं का? जमलं, तर द्या बिनधास्त.

मुक्ताई रांगत आलीये. वैजनाथच्या मनगटाला धरून उभी राहतेय, बटण शोधतेय. तिला वेळ कळत नाही, पण विचारलं तर सांगायला हवी.