मासे मोजण्याचं गणित आणि मी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण लाकडाचा नाही. तुमच्या आजोबांची पाटी ज्या दगडाची असायची, त्याच जातीच्या दगडाचा आहे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या एका खाडीकाठी खाण होती. तिथून मला काढलं, तासलं, घासून गुळगुळीत केलं आणि विद्यापीठाच्या गणित विभागात, दुसऱ्या मजल्यावरच्या भिंतीत बसवलं. मला उचलायला चार गडी लागले होते. त्याला आता साठ वर्षं होऊन गेली.

माझी खोली म्हणजे वर्ग नव्हता. ज्यांचं गणित अडायचं ती मुलं तिथं येत. प्राध्यापक हेडली नोसवर्दी त्यांच्या हातात खडू देत आणि स्वतः मागच्या बाकावर चहा घेऊन बसत. "लिही," एवढंच म्हणत. कुणी नवं आलं की माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "या फळ्यावर खडू कधी कुरकुरत नाही, बरं का!" ते ऐकून मला फार बरं वाटे.

मुलांचा एक प्रश्न मात्र दर वर्षी ठरलेला. "सर, गणिताची पदवी घेऊन पुढे करायचं काय?"

सर म्हणत, "एक मुलगी हवामान खात्यात वादळांचा अंदाज काढते. एक जण विमा कंपनीत आहे. एक लॅब्रडॉरच्या शाळेत पोरांना शिकवतो. तू काय करशील ते मी कसं सांगू? आधी हे तर सोडव!"

व्हर्ना टिझर्ड ही असं विचारणाऱ्यांतलीच एक. ती एका लहानशा कोळीगावातून आली होती. तिचे वडील लिएंडर कॉड मासा धरत, त्यांचे वडीलही तेच करत. व्हर्ना घाईघाईनं लिही आणि चुकली की बाहीनंच मला पुसून टाकी. सर ओरडत, "बाही कशाला? फडकं आहे ना!"

ती दोन वर्षं शिकली आणि १९९२ चा उन्हाळा आला. सरकारनं कॉडची मासेमारी बंद केली. समुद्रात कॉड उरलाच नव्हता. वर्षानुवर्षं मोजणी करणारे सांगत आले होते की मासे भरपूर आहेत. मग एकदम म्हणाले, संपले. गावोगाव होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या गेल्या.

डिसेंबरात लिएंडर लेकीला नाताळासाठी घरी न्यायला आले. व्हर्ना त्यांना घेऊन माझ्या खोलीत आली. तिच्या हातात गणित सोडण्याचा अर्ज होता. त्यावर सरांची सही हवी होती.

"का गं?" सरांनी विचारलं.

व्हर्ना खाली बघत म्हणाली, "गावात दुकानात गेलं तरी लोक टोमणे मारतात, सर. 'काय गं, गणित शिकतेस ना? मग आमचे मासे कुठं गेले ते सांग की!' मी काय सांगू त्यांना?"

सर लिएंडरांकडे वळले. "बसा ना, टिझर्डसाहेब."

"साहेब नका म्हणू हो," लिएंडर म्हणाले. त्यांनी टोपी हातात घट्ट धरली होती. "साहेबांनीच तर आमचे मासे मोजले. आम्ही दहा वर्षं सांगत होतो, मासा कमी झालाय, बारीक झालाय, उशिरा येतोय. कुणी ऐकलं? म्हणे, मोठी जहाजं तासाला पूर्वीइतकेच मासे पकडतात, म्हणजे मासे तेवढेच आहेत."

व्हर्नानं मान वर केली. "बाबा, जहाजं कुठं जाऊन पकडायची?"

"कुठं म्हणजे? मासा जिथं गोळा होतो तिथंच! त्यांच्याकडे यंत्रं आहेत ना शोधायला."

ती माझ्याकडे आली. खडूनं तिनं समुद्र काढला आणि त्यावर सगळीकडे ठिपके मारले. शेजारी दुसरा समुद्र काढला. त्यात ठिपके थोडेच होते, पण सगळे एका कोपऱ्यात दाटीनं बसलेले. जहाज तिनं बरोबर त्या कोपऱ्यात उभं केलं. दोन्हीकडे तासाला मिळणारे मासे सारखेच. "म्हणजे मासे संपत आले तरी हा आकडा बदलतच नाही," ती म्हणाली.

लिएंडर उठले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी खडू धरला असावा. धरताना तो मोडला. उरलेल्या तुकड्यानं ते दुसऱ्या समुद्रात फुल्या मारू लागले. "इथं माझ्या बापाचं जाळं असायचं. आता इथं काही नाही. इथं नाही. या खडकापाशी नाही. इथंही नाही."

शेवटची फुली मारून त्यांनी तळहात माझ्यावर टेकला. माझ्यावर हजारो हात टेकले आहेत, मित्रांनो, पण तो स्पर्श मी विसरलो नाही.

"मग हे आधी कुणी लिहिलं का नाही?" त्यांनी विचारलं.

"लिहिणाऱ्यांना या जागा ठाऊक नव्हत्या," सर हळूच म्हणाले.

लिएंडरांनी खडूचा तुकडा लेकीच्या हातात दिला. मग म्हणाले, "हिला ठाऊक आहेत."

व्हर्नानं अर्जाची घडी केली आणि कोटाच्या खिशात कोंबली. सही मागितली नाही.

तिनं पदवी घेतली, पुढे आणखी शिकली आणि मासे मोजण्याच्याच कामाला लागली. तिचं एक पत्र सरांनी मुलांना वाचून दाखवलं होतं. लिहिलं होतं, "कुठल्याही बंदरात उतरले की मी आधी म्हाताऱ्या कोळ्यांच्या घरी जाते. ते मला शिव्या घालतात, मग चहा देतात, आणि मग जागा सांगतात." कॉड हळूहळू परतू लागला, पण थोडाच. लिएंडरांनी पुन्हा कधी जाळं टाकलं नाही. ते गावात होड्या दुरुस्त करत राहिले.

सर निवृत्त झाले. माझ्यासमोर एक पांढरा पडदा लावला गेला आणि त्यावर तयार उत्तरं झळकू लागली. पडद्यामागच्या अंधारात माझी कितीतरी वर्षं गेली. गेल्या महिन्यात एक माणूस येऊन माझी लांबीरुंदी मोजून गेला. "दगड जड आहे, फोडूनच न्यावा लागेल," असं म्हणाला.

मी राहीन की जाईन, हे माझ्या हातात नाही. पण मित्रांनो, तुमच्या शाळेत फळा असेल तर त्याची काळजी घ्या. त्याला ओल्या फडक्यानं पुसा, पण चुकलेलं गणित घाईनं पुसू नका. थोडा वेळ ते तसंच राहू द्या. चूक कुठं झाली ते कुणाला तरी दिसेल. कदाचित ज्याला विचारायचं तुमच्या मनातही नव्हतं, त्यालाच.