गौरीच्या वेळची गोळी

थोरला नातू निकेत याचं लग्न झालं ते साल २०२४. त्याच वर्षी त्याची बहीण संचिता, वय सतरा, चारशे मीटर धावायला लागली आणि तिच्या पाळीच्या तारखा लिहायचं काम माझ्याकडे आलं.

काम तिच्या प्रशिक्षक संपदा मॅडमनी दिलं. प्रत्येक मुलीचं अंग वेगळं, म्हणाल्या. तारीख, झोप, पोटदुखी, धावायची वेळ लिहा, त्यावरून सराव जड की हलका ते ठरवू. संचिता विसरायची. तिची आई मिनल नोकरीला जायची. मी रिकामा होतो.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तांबडं टिंब द्यायचो.

"शेजारपाजारचे येतात, बघतात," माझी बायको आशा म्हणाली.

"त्यांना वाटेल दूध आलं नाही."

पाच महिन्यांत दिसलं, की पहिले दोन दिवस संचिता तीन सेकंद मागे पडते आणि सातव्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जोरात पळते. जिल्ह्याची निवड सोळा सप्टेंबरला होती. पाळी दहाला यायची होती. मॅडम खूश होत्या.

दहालाच गौरी येणार होत्या. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, आमच्यात गौर कुमारिका आणते, आणि घरात कुमारिका एकच. आशा केबिन रोडवरच्या औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेऊन आली. दर वर्षी कोणा ना कोणासाठी आणायचीच.

मी कॅलेंडरपाशी गेलो. बाराला विसर्जन, गोळी बंद, मग तीन-चार दिवसांनी पाळी.

"निवडीला पहिला नाहीतर दुसरा दिवस येतोय," मी म्हणालो.

"मग?"

"मग तीन सेकंद."

"तीन सेकंदांसाठी गौर दारात उभी ठेवू?"

संचिता मेथी निवडत होती. "आजी, तीन सेकंदांत चार पोरी पुढे जातात गं. घेणार दोघींनाच."

आशाने गोळ्यांचं पाकीट पुन्हा पिशवीत टाकलं.

"मग मी आणते गौर."

"आई, तुम्ही कुमारिका?" मिनल म्हणाली.

"एके काळी होते."

दहाला पाळी आली. संचिता आतल्या खोलीत चटईवर पाय ताणत बसली. त्या दिवशी तेवढाच सराव होता. आशाने गुडघ्यांना पट्टे बांधले आणि खालच्या नळापासून तेरड्याची गौर घेऊन निघाली. गौर लिफ्टने येत नाही, असं तिचं म्हणणं. तीन मजले चढायला पंचवीस मिनिटं लागली. दुसऱ्या मजल्यावर हंसाबेननी विचारलं, "लडकी किधर है?"

"उसका मॅच है," आशा म्हणाली.

सोळाला संचिता दुसरी आली. दोघींत तिचं नाव लागलं.

"पहिली कोण?" आशाने विचारलं.

"डोंबिवलीची कोणीतरी."

"तिच्या घरी गौर नसेल."

आशा ४ मार्च २०२५ ला, मंगळवारी सकाळी, हृदय बंद पडून वारली. गोळ्यांचं ते पाकीट तिच्या पिशवीत तसंच निघालं, न फोडलेलं.