सदर आवाज माझा नाही

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला केरबा चौगले नगरपरिषदेच्या लेखा विभागात पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचे आकडे जुळवत बसला होता, आणि खिडकीतून त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

“अमरसिंहदादांचा हात ज्याच्या पाठीवर, त्याची पाठ मातीला लागत न्हाय!”

मागं हलगी कडाडत होती आणि हजारभर माणसांचा कल्ला होता. प्रचाराची रिक्षा बाजारपेठेतून वळून नगरपरिषदेच्या दारावरून पोस्टाकडं गेली, तेवढ्यात ते वाक्य चारदा झालं. विभागात सहा माणसं होती. सहाही जणांनी एकदम कागदात डोकं घातलं, आणि एरवी कागदात डोकं घालायची सवय त्यांतल्या एकालाही नव्हती. केरबाच्या हातातलं पेन पाणीपुरवठ्याच्या रकान्यात होतं, ते तिथंच राहिलं.

हा केरबा दिवसा वरिष्ठ लिपिक, आणि माघापासून वैशाखापर्यंत दर सुट्टीला कुस्तीच्या मैदानाचा निवेदक. कोल्हापूरच्या मुलखात गावोगावच्या जत्रांत मैदानं भरतात आणि मैदानाला जसे पैलवान लागतात, तसा माईकवर बोलणारा एक गडी लागतो. सव्वीस वर्षं तो गडी केरबा होता. कुस्ती चार मिनिटांची आणि मैदान सहा तासांचं, तेव्हा मधला वेळ इनाम देणाऱ्यांच्या कौतुकानं भरायचा, ही रीत. पाचशेच्या इनामाला ‘दानशूर’, पाच हजाराला ‘गावाचा आधार’, आणि चांदीची गदा देणाऱ्याला तोंडाला येईल ते. ते खरं नसतं हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. संध्याकाळी लाल मातीबरोबर ते अंगावरून धुऊन जातं.

दोन वर्षांमागं गावच्या जत्रेत दूध संकलनवाल्या अमरसिंहानं चांदीची गदा दिली होती, आणि केरबाच्या तोंडाला ते वाक्य आलं होतं. आता अमरसिंह नगराध्यक्षपदाला उभा होता. त्याच्या पोरांनी कुणाच्या तरी मोबाईलमधलं ते चित्रीकरण शोधलं, नेमकं तेवढंच वाक्य कापलं आणि रिक्षावर चढवलं. केरबाला विचारायची गरज कुणालाच वाटली नाही.

आचारसंहिता लागल्याला पंधरा दिवस झाले होते. कर्मचाऱ्यानं कोणत्याही उमेदवाराचा कोणत्याही प्रकारे प्रचार करू नये, केल्यास निलंबन, असं परिपत्रक आलं होतं आणि एकशेबारा कर्मचाऱ्यांच्या त्यावर सह्या घेत फिरलेला माणूस केरबाच होता. शेजारच्या गावात एका मुकादमानं मोबाईलच्या स्टेटसला उमेदवाराचा फोटो ठेवला तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं होतं. आणि इथं तर केरबा दर दहा मिनिटांनी गल्लीबोळातून ओरडत होता. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. पोरगी तेजस्वी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. निलंबनावर निवृत्त झालेल्या माणसाची पेन्शन कशी अडकते, हे केरबाला कुणी सांगायला नको होतं, कारण अशा दोन फायली त्याच्याच कपाटात होत्या.

दुपारी तीनला नोटीस आली. विरोधी उमेदवार विजयसिंहाच्या लोकांनी लेखी तक्रार दिली होती, सोबत रिक्षाचं चित्रीकरण. मुख्याधिकाऱ्यांनी नोटीस केरबाच्या हातात दिली, पण त्याच्याकडं बघितलं नाही. उद्या सकाळी अकराला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांसमोर लेखी खुलासा करायचा होता.

केरबानं पहिली धाव अमरसिंहाच्या प्रचार कार्यालयाकडं घेतली. दादांनी दोन ओळी लिहून दिल्या, की हे जुनं आहे आणि ह्यात केरबाचा काही संबंध नाही, की झालं, असा त्याचा साधा हिशोब. पण कोपऱ्यावर पोचल्यावर त्याला दिसलं, की कार्यालयाच्या मांडवात चाळीसभर माणसं वडा-पाव खातायत आणि त्यांतल्या निम्म्यांच्या हातात मोबाईल वर धरलेले आहेत. आत गेला तर फोटो निघणार, आणि फोटो निघाला तर आवाजाला तोंडही मिळणार. तो चप्पल तुटल्यासारखं करून खाली वाकला आणि तसाच मागं फिरला.

ऑफिसात लेखापाल मल्लिकार्जुन एकटाच थांबला होता. गडहिंग्लजकडचा माणूस, वीस वर्षांचा सोबती, बोलायला फटकळ आणि नियमात पक्का. केरबानं खुलाशाचा कच्चा मसुदा त्याच्यापुढं ठेवला. दोन वर्षांपूर्वीच्या मैदानातलं निवेदन आहे, प्रचाराशी संबंध नाही, एवढंच त्यात होतं. मल्लिकार्जुननं तो वाचला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

“हे देऊ नगंस,” तो म्हणाला. “मैदानात बोललो म्हणून लिवलंस, की निवडणुकीच्या बाई विचारणार, बाहेरचं काम करायची परवानगी कुठं हाय? पाकीट घेत हुतास का? सव्वीस वर्सांची मैदानं मोज. आणि त्या मैदानाला नगरपरिषद तीन लाख अनुदान देती, ती तरतूद अंदाजपत्रकात कोण घालतंय? टिपणी तुझी, सही तुझी, आणि त्याच मैदानातलं पाकीट बी तुझंच.”

केरबा खालीच बसला. हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तीन लाख क्रीडा या सदराखाली दरसाल असायचेच, त्याच्याआधीच्या लिपिकानंही घातले होते. आणि पाकीट म्हणजे काय, तर दोन हजार आणि एक फेटा. पण चौकशीच्या कागदावर हे दोन्ही एकाखाली एक लिहिले, तर ते कसे दिसतील हे त्याला बसल्या जागी दिसलं. खोटा आरोप फेडायला खरं सांगावं, तर खऱ्यातूनच दुसरा आरोप निघत होता, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. इकडं आड आणि तिकडं विहीर म्हणतात ते हेच.

त्यानं विचारलं, मग करू काय. मल्लिकार्जुननं दाराकडं बघून घेतलं.

“आवाज माझा न्हाय म्हण. हल्ली संगणकावर कुणाचा बी आवाज काढत्यात. बाई भंडाऱ्याकडच्या, येऊन महिना झालाय. त्यांनी तुला कवा ऐकलंय?”

केरबाला आधी हसू आलं. सगळा तालुका ज्या आवाजानं ओळखतो तो आपला नाही म्हणायचं, म्हणजे कमालच झाली. मग त्याच्या लक्षात आलं, की हे जमण्यासारखं आहे, आणि तेव्हा मात्र त्याला भीती वाटली.

घरी आक्काताईनं सगळं ऐकून घेतलं. बायका मैदानात जात नाहीत, पण लग्नाआधी तिच्या माहेरच्या जत्रेत ती माळवदावर या आवाजाला कान लावून बसली होती, आणि स्थळ आलं तेव्हा माणूस न बघताच हो म्हणाली होती. तीच आता म्हणाली, की सांगून टाका न्हाय म्हणून. आवाजावर चूल पेटत नाही, पगारावर पेटते. बोलताना ती भाकरी थापत होती आणि तिनं मान वर केली नाही. केरबाला तिचा राग आला आणि तिचं पटलंही. जेवण त्याला गेलं नाही. परड्यात जाऊन तो बारीक आवाजात बोलायचा सराव करत राहिला, ‘होय मॅडम’, ‘नाही मॅडम’, आणि म्हशीनं मान वळवून दोनदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात केरबा गळ्याला मफलर गुंडाळून उभा राहिला. मॅडम चाळिशीच्या होत्या, शांत होत्या, आणि त्यांच्या शांतपणाचीच जास्त धास्ती वाटत होती. समोर तक्रारदारांचा माणूस, बाजूला मुख्याधिकारी, दाराशी शिपाई जोतीराम. मॅडमनी लॅपटॉपवर ते चित्रीकरण लावलं. अमरसिंहदादांचा हात ज्याच्या पाठीवर. रिकाम्या सभागृहात तो आवाज घुमला आणि केरबाच्या अंगावर नको तेव्हा काटा आला. चांगलं बोललो होतो, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

“हा आवाज तुमचा आहे का?” मॅडमनी विचारलं.

“नाही मॅडम,” केरबा म्हणाला. बारीक, नाकातून.

तक्रारदारांचा माणूस उठून म्हणाला, की साऱ्या गावाला ठाऊक आहे. मॅडमनी त्याला बसवलं आणि दाराकडं बघून जोतीरामला पुढं बोलावलं. हा जोतीराम दर मैदानाला केरबाच्या शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन बसायचा. हा आवाज ओळखता का, असं त्यांनी विचारलं. जोतीराम बराच वेळ लॅपटॉपकडं बघत राहिला, जणू आवाज तिथं दिसणार होता.

“न्हाय बाई,” तो म्हणाला. “हा कुणीतरी दुसराच हाय.”

केरबा सुटला होता. त्याला ते कळलं. आणि त्याच वेळी छातीत असं काही दुखलं, की आपलं माणूस गेल्याची बातमी आपल्याच तोंडावर सांगितल्यासारखं वाटलं. त्याला जोतीरामला मिठी मारावीशी वाटत होती आणि त्याच्या मुस्काटातही द्यावीशी वाटत होती. मॅडमनी कोरा कागद पुढं सरकवला. त्यानं लिहिलं: सदर आवाज माझा नाही. तो संगणकावर काढलेला असावा. खाली पूर्ण नाव, पदनाम, सही, तारीख.

पुढचं सगळं आपोआप झालं. केरबाच्या कागदाची प्रत जोडून अमरसिंहाकडं खुलासा मागितला, तर त्यालाही हेच सोयीचं होतं. आवाज खरा आहे म्हणाला असता तर सरकारी कर्मचाऱ्याला प्रचारात वापरल्याचा ठपका. त्यानं लिहून दिलं, की आवाज संगणकावर तयार केलेला असून कार्यकर्त्यांनी अनवधानानं लावला. त्याला समज मिळाली, रिक्षा बंद झाली, केरबाची फाईल मिटली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मल्लिकार्जुननं चहा पाजला.

अमरसिंह तीनशे मतांनी निवडून आला. फेब्रुवारीत जत्रेचं मैदान भरलं तेव्हा कमिटीची माणसं सालाबादप्रमाणे केरबाला बोलवायला आली. त्यानं घसा बसल्याचं सांगितलं. दुसरं काय सांगणार? माईकवर एक शब्द बोलला असता तर कुणीही तो आवाज आणि रिक्षातला आवाज शेजारी शेजारी ठेवून मॅडमना पाठवला असता. माईक इचलकरंजीच्या कुणीतरी घेतला, आणि केरबा मैदानाकडं फिरकला नाही. ऑफिसातही तो बारीकच बोलायचा, आधी भीतीनं आणि मग सवयीनं. तेजस्वी फोनवर म्हणायची, बाबा, मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही.

त्याच महिन्यात अंदाजपत्रक सभेपुढं आलं. मसुद्यात नसलेलं एक सदर नगराध्यक्षांनी सभेत घालून घेतलं: स्वच्छता जनजागृती ध्वनिफीत, पंचाहत्तर हजार. कुणी हरकत घेतली नाही. एप्रिल उजाडल्यावर तिचं बिल केरबाच्या टेबलावर आलं, पुण्याच्या कुठल्याशा एजन्सीचं, सोबत एक पेनड्राइव्ह. त्यानं तो लावला.

“ओला कचरा, सुका कचरा, जो वेगळा ठेवील, त्याच्या दारात रोग उभा ऱ्हात न्हाय!”

त्याचाच आवाज होता. तोच चढ, तोच शेवटी सोडलेला श्वास. पण हे तो जन्मात कधी बोलला नव्हता.

केरबा उठला आणि तसाच नगराध्यक्षांच्या दालनात गेला. वाटेत त्यानं बोलायची वाक्यं जुळवली होती, पण आत गेल्यावर तोंडातून निघालं ते बारीकच निघालं. दादा, हा आवाज माझा हाय, विचारायला तरी पायजे हुतं, एवढंच तो म्हणाला.

अमरसिंहानं त्याला बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला. माणूस वाईट नव्हता, उलट त्याला खरंच आनंद झालेला दिसत होता.

“केरबाण्णा, आवाज तुमचा न्हाय म्हणून तुम्हीच लिवून दिलंय की. फायलीत हाय. मग तो कुणाचाच न्हाय.” त्यानं बशी पुढं केली. “आणि संगणकावर निघतोय हे तरी आमाला कुठं ठावं हुतं? तुमचा कागद वाचला तवा डोक्यात आलं. कल्पना तुमचीच.”

केरबानं चहा घेतला. हातची नोकरी, चार वर्षं, तेजस्वीची फी, हे सगळं त्या कागदावर उभं होतं, आणि तो कागद खोटा म्हणायचा तर ते सगळं खाली येणार होतं. त्यानं कप बशीत ठेवला आणि परत आपल्या टेबलाशी आला.

बिल मंजूर करायला एक दाखला लागतो. ध्वनिफीत संबंधित लिपिकानं स्वतः ऐकली पाहिजे आणि तसं लिहिलं पाहिजे. मल्लिकार्जुन म्हणाला, मी लिहितो, तू राहू दे. केरबानं मान हलवली. त्यानं ती ध्वनिफीत पुन्हा पहिल्यापासून लावली आणि हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकली, साडेतीन मिनिटं. कुठंही दम लागला नाही, कुठं घसा खरवडला नाही. मग त्यानं बिलाच्या मागं लिहिलं, समक्ष ऐकले, काम समाधानकारक आहे, आणि खाली सही केली.