प्रार्थनेचा विषय

बाईंनी एका चिमुरडीची मूठ आपल्या मुठीत धरून पाटीवर गोल काढायला घेतला होता. अर्धा गोल झाला आणि दारातून लेकीची हाक आली.

"आई, बाहेर ये."

"तास चालू आहे."

"मग मी आत येते."

लेक चौदा वर्षांची. हातात पुठ्ठ्याचं खोकं, खोक्यावर मायदेशाची टपाल तिकिटं. जमिनीवर बसलेल्या अठरा मुलांच्या पायांवरून वाट काढत ती पुढं आली आणि तिनं ते खोकं टेबलावर उलटं केलं. दुमडलेल्या कागदाची रंगीत कार्डं टेबलभर पसरली. दोन खाली पडली. पुढच्या रांगेतल्या एकानं त्यातलं एक उचलून हुंगलं. नवी वस्तू दिसली की आधी हुंगायची त्याला सवय होती आणि बाईंनी ती कधी मोडली नव्हती.

"वाच," लेक म्हणाली.

बाईंनी वरचं कार्ड उघडलं. मेणखडूनं काढलेलं फूल, आणि खाली आखलेल्या ओळींवर पेन्सिलीनं लिहिलेलं: 'प्रिय ताई, तुझा डळमळीत झालेला विश्वास पुन्हा भक्कम व्हावा म्हणून आम्ही दर रविवारी प्रार्थना करतो.' दुसऱ्यावर होडी होती, खाली तेच वाक्य. तिसऱ्यावर चित्र नव्हतं. तेच वाक्य होतं, 'भक्कम' खोडून परत लिहिलेलं.

"बत्तीस आहेत. आपल्या तिकडच्या जुन्या चर्चच्या संडे स्कूलनं पाठवलीत. फळ्यावर लिहून दिलं असणार आणि सगळ्यांनी उतरवलं असणार. तूही असंच करून घेतेस ना?"

"त्यांना कसं कळलं?"

"सोबत त्यांच्या टीचरची चिठ्ठी आहे. 'पाळकांच्या पत्रातून समजलं.' म्हणजे बाबा दर महिन्याला तिकडे पाठवतात त्या." लेकीचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मी फक्त तुला सांगितलं होतं."

मुलांना त्यांची भाषा कळत नव्हती, पण मुलांना आवाज कळतो. वर्ग गप्प झाला होता.

ती गोष्ट दोन महिन्यांपूर्वीची. गच्चीवर धुणं वाळत घालताना लेक म्हणाली होती, की उपासनेत सगळे डोळे मिटतात तेव्हा ती डोळे उघडे ठेवून छताच्या पट्ट्या मोजते. एकोणचाळीस आहेत. तिला तिथं बसवत नाही. बाईंनी ते ऐकून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे, चहाच्या आधी नवराबायको रोज प्रार्थनेला बसायचे तेव्हा, त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं होतं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि सतरा वर्षांचा हा नेम होता: दोघांनी आपापले विषय सांगायचे आणि मग डोळे मिटायचे. तिथं सांगितलेल्या गोष्टीला कुणी चहाडी म्हणत नसे.

"परवा फोनवर आजी म्हणाली, 'काय गं, देवाशी कट्टी घेतलीस म्हणे?' मला वाटलं गंमत करतेय. म्हणजे आजीलाही माहीत आहे. सुट्टीत आपण तिकडे गेलो की दारात उभं राहून सगळे माझ्याकडे बघणार, भक्कम झाला का म्हणून. मी येणार नाही. आणि बाबांशी मला बोलायचं नाही. आज नाही, उद्या नाही."

"अगं..."

"तुझ्याशी बोलतेय, कारण ते तू लिहिलं नाहीस."

एवढं बोलून तिनं कार्डं परत खोक्यात भरली. हुंगणाऱ्याच्या हातातलंही काढून घेतलं, पण हळूच, आणि ती गेली. बाईंनी घड्याळ पाहिलं. सुटायला दहा मिनिटं होती. त्यांनी घंटा वाजवली. इतक्या वर्षांत त्यांनी घंटा आधी वाजवलेली कुणी पाहिली नव्हती. मुलं खूश होऊन पळाली.

पाळक पलीकडच्या प्रार्थनागृहात गुडघे टेकून बसले होते, पण प्रार्थनेला नाही. बाक आडवा घालून ते त्याच्या पायावर रंधा मारत होते. या परक्या देशात आल्यापासूनच्या तीन वर्षांत चर्चच्या मंडळीत माणसं अकरा झाली होती आणि बाकं चौदा. 'बाकांचा तरी उद्धार होतोय,' असं ते स्वतःच म्हणायचे. बाई सहसा हसायच्या. आज त्यांनी आपल्या हातात राहिलेलं फुलाचं कार्ड त्यांच्यासमोर बाकावर टाकलं.

पाळकांनी हात पँटला पुसले, कार्ड वाचलं. "अरे वा, पोरांनी किती..." मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तिनं बघितलं?"

"तिच्याच नावानं आलंय खोकं. बत्तीस."

ते उठले नाहीत. "मी वाईट हेतूनं लिहिलं नव्हतं. तिकडे दोनशे घरांत तिच्यासाठी प्रार्थना होतेय."

"दोनशे घरांत बोभाटा झाला, असं म्हणा."

"असं काय बोलतेस?"

"मग कसं बोलू? तुम्हाला दर महिन्याला पान भरायला काहीतरी लागतं. इथं माणसं वाढत नाहीत, मग घरातली माणसं लागतात. माझ्या गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा लिहिलंत. चाळीस बायकांनी मला काढे कळवले. एकीनं तर कांद्याचा रस कळवला. तो कुठं लावायचा तेही लिहिलं होतं."

"तुला तेव्हा बरं वाटलं होतं. तूच म्हणाली होतीस."

"खोटं बोलले होते."

पाळकांनी रंध्यात अडकलेली ढलपी नखानं काढली.

"ते माझं होतं, म्हणून गिळलं," बाई म्हणाल्या. "हे तिचं आहे. तिनं तुम्हाला सांगितलंही नव्हतं."

"तू सांगितलंस."

"प्रार्थनेसाठी सांगितलं."

"मीही प्रार्थनेसाठीच लिहिलं."

यावर बाई जास्तच संतापल्या. वर्गात एखाद्यानं दुसऱ्याची पाटी फोडली तरी त्यांचा आवाज चढत नसे, आधी दोघांचं ऐकायचं हा त्यांचा नियम होता. इथं तो नियम त्यांना आठवला आणि त्यांनी तो बाजूला ठेवला.

"लोकांच्या लेकी वयात आल्या की आईबाप त्यांच्या गोष्टी झाकून ठेवतात. आपण छापून वाटतो, शिवाय खाली बायबलचं वचन घालतो. तिनं उद्या तोंड उघडायचं कुणापाशी? तुमच्यापाशी नाहीच. एक मी उरलेय. आणि आजपासून तुमचं पत्र मी तपासणार नाही. तुमचं तुम्ही बघा, चुका राहिल्या तर राहू देत."

पाळकांनी मान वर केली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते जमिनीवरच्या ढलप्या गोळा करू लागले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"तुम्ही काहीतरी म्हणणार होतात."

"राहू दे ना. झालं ते झालं."

"ते पत्र मी तपासलं होतं का?"

पाळक ढलप्या गोळा करत राहिले.

"काढा ते."

"बघून काय करायचंय?"

"काढा म्हणते ना."

ते उठले. कोपऱ्यातल्या कपाटातून त्यांनी फाइल आणली आणि पानं उलटून एक कागद काढला. दिला मात्र नाही. तो बाईंनीच ओढून घेतला.

पाळकांचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. त्यावर लाल पेन्सिल. ती पेन्सिल आत्ताही बाईंच्या अंबाड्यात खोचलेली होती. तिसऱ्या परिच्छेदात पाळकांनी लिहिलं होतं: 'आमच्या मुलीला सध्या प्रार्थनेचा कंटाळा येतो. या वयात येतो. मलाही यायचा. तरी तिची आठवण ठेवा.' त्यातल्या मधल्या दोन वाक्यांवर सरळ लाल रेघ होती. पहिलं वाक्य पूर्ण खोडलेलं होतं आणि वर नीटनेटक्या अक्षरात, शिरोरेघेसकट, लिहिलं होतं: 'आमच्या मुलीचा विश्वास सध्या डळमळीत झाला आहे.' समासात बरोबरची खूण.

त्या आठवड्यात मुलांच्या परीक्षा होत्या. अठरा जणांचे दोन-दोन पेपर तपासून झाल्यावर हा कागद त्यांच्यापुढं आला होता. त्यांनी लेकीबद्दलची ओळ वाचली होती, ती ढिली वाटली होती, म्हणून आवळली होती. ती कुणाबद्दल आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. तरी त्यांनी ती सुधारली होती आणि पुढच्या ओळीवर गेल्या होत्या.

"तुम्ही मला विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "वाक्य असं का फिरवलंस म्हणून."

"तू सुधारलेलं मी कधी परत बदललंय का? तुझं चांगलंच असतं."

"आणि आत्ता? मी एवढं बोलतेय तेव्हा तरी सांगायचं."

"काय सांगायचं? पत्र मीच पाठवलं की." पाळक परत गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी रंधा उचलला. "तिला हे दाखवू नकोस. माझ्यावर रागावलीय, रागावू दे. दोघांपैकी एकाशी तरी बोलत राहील."

"आणि तुमच्याशी?"

"मोठी झाली की बोलेल."

या बोलण्यानं बाईंचा राग उतरायला हवा होता. तो आणखी चढला. हा माणूस चुकीचाही होता आणि चांगलाही होता, आणि आता त्याच्यावर धड ओरडताही येत नव्हतं. त्या कागद घेऊन तशाच बाहेर पडल्या. मागं रंधा सुरू झाला.

लेक स्वयंपाकघरात ओट्यापाशी स्टुलावर बसली होती. कात्रीनं ती एकेक कार्ड घडीवर कापत होती. चित्राचा आणि वाक्याचा भाग एका डब्यात, कोरा भाग दुसऱ्या बाजूला. कोरा कागद या घरात कधी वाया जात नसे. तो वर्गातल्या मुलांना कच्च्या कामाला जायचा.

"बोललीस त्यांना?"

"बोलले."

"काय म्हणाले?"

'चुकलं म्हणाले' एवढं सांगून इथंच थांबता आलं असतं. ते फारसं खोटंही झालं नसतं. लेक मान वर करून वाट बघत होती, आणि आज दिवसभरात ती पहिल्यांदाच चौदाची नाही, चारची दिसत होती. बाईंनी कागद ओट्यावर ठेवला आणि लेकीकडे सरकवला.

लेकीनं तो वाचला. मग बोट लावून परत वाचला, लहानपणी बाईंनीच शिकवलं होतं तसं.

"हे लाल तुझं."

"हो."

"मग या बत्तीस पोरांनी तुझं वाक्य उतरवलंय."

बाईंनी अंबाड्यातली लाल पेन्सिल काढून ओट्यावर ठेवली.

"'मलाही यायचा,'" लेकीनं रेघेखालची अक्षरं मोठ्यानं वाचली. "बाबांना?"

"पाळकानं असं लिहू नये, लोक काय म्हणतील, म्हणून मी..."

"मला कंटाळाच येत होता, आई. दुसरं काही नव्हतं. मी तेच सांगत होते." तिनं कात्री खाली ठेवली. "तू 'बरं' म्हणालीस आणि टॉवेल झटकलास."

"मला वाटलं..."

"तू विचारलं नाहीस."

ती उठली. कागदाची घडी घातली नाही, तसाच हातात धरून ती मागच्या दारानं प्रार्थनागृहाकडे गेली. बाईंनी हाक मारली नाही. थोड्या वेळानं रंधा थांबला. मग लेकीचा आवाज आला, चिडलेला, स्पष्ट:

"बाबा, मुळात माझं लिहिलंतच कशाला? विचारायचं नाही का मला?"

पाळक काय म्हणाले ते कळलं नाही. लेक आणखी काही बोलली, बरंच काही, आणि मधेच एकदा बाक जोरात आपटल्यासारखा आवाज झाला. मग परत तिचाच आवाज, जरा खालचा:

"केवढे होतात तुम्ही, तुम्हाला यायचा तेव्हा?"

उत्तर ऐकू आलं नाही. दोघंही आता हळू बोलत होते. बाई थोडा वेळ कान देऊन उभ्या राहिल्या. मग स्टुलावर बसल्या आणि त्यांनी कात्री उचलली. अकरा कार्डं राहिली होती. प्रत्येक कापण्याआधी त्या ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होत्या.