दुसऱ्याचं धड

विमानात सोबत न्यायला सात किलो. त्यात दोर बसत नाही.

कपाशीच्या शंभर बिया ओल्या कागदात गुंडाळायच्या आणि बाराव्या दिवशी किती उगवल्या ते मोजायचं. वाकडा कोंब उगवलेला धरायचा नाही.

एका फोटोत एक माणूस वाघाच्या पाठीवर हात ठेवून बसलाय. माणूस हसतोय. वाघाला झोप आलीय.

विहिरीतून वर येताना जो पायऱ्या वापरील त्याला हसायचं, अशी पिंपळगाव रेणुकाईत पोरांची रीत होती. पोरींनाही ती लागू होती.

पिवळ्या बामच्या चौदा डब्या. घरात कुणाचंच डोकं दुखत नव्हतं.

हार्दिक अभिनंदन! हार्दिक अभिनंदन!! हार्दिक अभिनंदन!!!

ही शेवटची ओळ राजूरच्या चौकात होती, वीस फूट उंच लोखंडी सांगाड्यावर. जालन्याहून आलेल्या एसटीच्या खिडकीतून अर्पितानं ती आणि तिच्याखालचं नाव वाचलं, तेव्हा आधी तिला वाटलं, आपल्याच नावाची दुसरी कुणी असेल. मग तिनं चेहरा पाहिला. चेहरा तिचाच होता. मानेखालचं सगळं दुसऱ्याचं होतं.

धड कुण्या पैलवानाचं असावं. छाती ही रुंद, अंगात तिरंगी पट्ट्यांचा ट्रॅकसूट, उजव्या हातात बर्फ फोडायची कुऱ्हाड आणि मनगटावर केस. मागे बर्फाचा डोंगर. खाली लिहिलं होतं:

राजूर नगरीची वाघीण
कु. अर्पिताताई रामप्रसाद
यांची थायलंड येथील आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण स्पर्धेसाठी
भारतीय संघात निवड झाल्याबद्दल

आणि त्याखाली बावीस शुभेच्छुक. त्यातल्या अकरा जणांच्या डोळ्यांवर काळे गॉगल.

संघ नव्हता. निवड नव्हती. स्पर्धा नव्हती. अर्पिता जालन्याच्या एका बियाणं प्रयोगशाळेत उगवलेले कोंब मोजायची आणि रविवारी पहाटेच्या गाडीनं छत्रपती संभाजीनगरला जाऊन तिथल्या चढाईच्या भिंतीवर लटकायची. तिथंच भार्गवी भेटली, बँकेत काम करणारी. दोघींनी दोन वर्षं चहासुद्धा मोजून पिऊन एक बेत पक्का केला होता: थायलंडमधला रायली किनारा. तिथं जायला रस्ता नाही, होडीनं उतरावं लागतं. समुद्रातून सरळ उभे राहिलेले चुनखडीचे कडे, आणि त्यांच्या पायथ्याशी वाळू. आठ जणींच्या खोलीत एक खाट, दोर तिथं भाड्यानं, जेवण रस्त्यावरच्या गाडीवर, अकरा दिवस. मेडल नाही. प्रमाणपत्र नाही. फिरायचं, चढायचं, यायचं.

हे ‘फिरायचं’ एवढंच कुणाच्या गळी उतरत नव्हतं.

ती पासपोर्ट न्यायला आली होती. तो राजूरच्या पत्त्यावर आला होता, तिनं जपून ठेवायला आईकडे दिला होता, आणि आईकडून तो वडिलांच्या कपाटात गेला होता. रात्री जालन्याहून मुंबईची गाडी. उद्या विमान.

रामप्रसादचं कृषी सेवा केंद्र रस्त्याला लागून आणि घर त्याच्या मागे. चतुर्थी असल्यामुळे गणपतीच्या दर्शनाला निघालेली गर्दी दुकानासमोरून सरकत होती. रामप्रसाद गल्ल्यावर बसला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. एरवी तो बनियनवर बसायचा.

“धड कुणाचं हाय?” अर्पितानं पाठीवरची पिशवीही न उतरवता विचारलं.

“आली का? बस. पाणी पी आधी.”

“पप्पा, धड कुणाचं हाय?”

“ते फ्लेक्सवाल्याला माहीत. तुझा फोटो लावण्यासारखा नव्हता. कमरेला पट्टे, चड्डी गुडघ्याच्या वर. देवाच्या रस्त्यावर लावून राह्यलो आपण, जरा समजून घे.”

“आन् स्पर्धा?”

रामप्रसादनं उगाच बियाण्याचं एक पाकीट उचललं, मागची बाजू वाचली, ठेवलं.

“हॉटेलात बसल्तो. संपत गुरुजीनं विचारलं, पोरगी कुठं निघाली म्हणून. मी म्हणलं, थायलंडला. तर हसले ना लोक.”

“कोण हसले?”

“सगळेच.”

“तुमच्याबरोबर गेल्ते तेच ना?”

रामप्रसाद गल्ल्यातल्या नोटा सरळ करायला लागला.

थायलंडची गोष्ट जिल्ह्यातल्या प्रत्येक बियाणं दुकानदाराच्या घरात माहीत होती. जो कंपनीचा ठरलेला माल खपवील त्याला कंपनी थायलंडला नेते. चार रात्री. बायकांना नेत नाहीत. रामप्रसाद तीनदा गेला होता. वाघाबरोबरचा फोटो दुकानात फ्रेम करून लावलेला होता, तिथून आणलेला बाम आळीभर वाटला होता. बाकीचं काय ते पुढं वर्षभर हॉटेलातल्या टेबलावर अर्ध्या वाक्यात निघायचं आणि कुणी बाई रस्त्यानं चालली की थांबायचं. त्या हसण्याला गावानं कधी नावं ठेवली नाहीत. आता त्याच हसण्यात पोरीचं नाव आलं, तेव्हा रामप्रसादला स्वतःचं हसणं ऐकू आलं असावं. ते बंद करण्यासाठी तो खरं बोलू शकला असता. त्यानं भारतीय संघ निवडला.

“अकरा वाजता कार्यक्रम हाय,” तो म्हणाला. “पाच मिन्टाचं काम. शाल घे, नारळ घे, हात जोड. झालं की पासपोर्ट हातात देतो.”

“न्हाई घेतली शाल तर?”

रामप्रसादनं शर्टाच्या खिशावर हात ठेवला. किल्ली तिथं होती. तो धमकी देत नव्हता; पण किल्ली कुठं आहे एवढं त्यानं दाखवलं.

आत आई, पिंपळगाव रेणुकाईची दैवशाला, पोळ्या लाटत होती. सोबत न्यायचे धपाटे तिनं फडक्यात बांधून ठेवले होते. अर्पितानं तिच्याकडे पाहिलं. दैवशालानं पोळी उलटली.

अर्पितानं भार्गवीला फोन लावला.

“घेऊन टाक गं शाल,” भार्गवी म्हणाली. “खोलीतला एसी जास्त झाला तर पांघरायला होईल.”

“तुझ्या घरी काय म्हणाले?”

“बाबांनी विचारलं, उन्हाचं मलम घेतलं का. बस.”

भार्गवीनं हे दुखवायला सांगितलं नव्हतं. तरी अर्पितानं फोन ठेवला तेव्हा तिला भार्गवीचा, तिच्या बाबांचा आणि त्या मलमाचाही राग आला होता.

पाच मिनिटं. ती स्वतःला सांगत राहिली, पाच मिनिटं. याहून वाईट पकडीवर मी जास्त वेळ लटकले आहे.

मंडप सांगाड्याच्या पायथ्याशीच होता. सतरंजी, एका पायरीचं छोटं व्यासपीठ, सहा खुर्च्या, एक कर्णा. शाळेच्या पोरींना रांगेत आणून बसवलं होतं, प्रत्येकीच्या हातात कागदाचा झेंडा. संपत गुरुजींनी माइक फुंकून पाहिला आणि सुरू झाले. जिजाऊ आल्या, सावित्रीबाई आल्या, अंतराळात गेलेल्या बायका आल्या, मग अर्पिता आली. शाल आली. शाल घातली गेली. नारळ हातात आला. रामप्रसाद पहिल्या रांगेत होता, हॉटेलातले टेबलवाले त्याच्या दोन्ही बाजूंना, आणि टाळ्या तेच सगळ्यांत जोरात वाजवत होते.

अर्पिता हात जोडून उतरणारच होती. एक पाय पायरीवर होता.

रांगेतली एक पोर उभी राहिली. दहा-अकरा वर्षांची, गुडघ्यावर खपली.

“ताई, त्या लोकांनी तुमची निवड कशी केली? आम्हाला बी करायचंय.”

काय सांगायचं तिला? की तुझं डोकं कापतील, पोरी, आणि मग निवड होईल?

अर्पितानं पाय मागे घेतला, संपत गुरुजींच्या हातातून माइक ओढला.

“निवड झालेली नाही. स्पर्धाच नाही. मी फिरायला चालले आहे, स्वतःच्या पैशानं. समुद्राकाठी खडक आहेत. त्यांवर चढीन, पाण्यात पोहीन आणि परत येईन. वर लावलंय ते सगळं खोटं आहे.”

क्षणभर कर्णा नुसता घूं करत राहिला. रामप्रसादनं मान खाली घातली. मग संपत गुरुजींनी माइक परत घेतला आणि त्यांचा आवाज भरून आला.

“बघा! बघा मंडळी, किती हा विनम्रपणा! देशासाठी चालली लेक, पण तोंडानं म्हणते, फिरायला चालले! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!”

झाल्या. जोरदार झाल्या. पोरींनी झेंडे हलवले.

“अहो गुरुजी, मी खरं सांगून राह्यले!” ती ओरडली, पण माइक तिच्याकडे नव्हता. “माझे पप्पा तीनदा थायलंडला गेल्ते! मंग त्यांना का न्हाई घातली शाल? आँ? ह्यांना सगळ्यांना?”

पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. रामप्रसादचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आणि संपत गुरुजी, ज्यांनी आयुष्यात एकही कार्यक्रम पडू दिला नव्हता, म्हणाले, “आता चहापान!”

अर्पितानं नारळ खुर्चीवर ठेवला. त्यावर शाल ठेवली. चपला काढल्या. मंडपाच्या मागे जाऊन तिनं सांगाड्याचा पहिला आडवा अँगल धरला.

लोखंड तव्यासारखं तापलं होतं. तिनं पाठीवरच्या पिशवीतली, चढताना हात घसरू नये म्हणून लावायची खडूची पूड काढली, हात पांढरे केले आणि निघाली. कंबर लोखंडाला चिकटून, वजन पायांवर, हात फक्त तोल धरायला. नऊ-दहा फुटांवर आडवे अँगल संपत होते. तिथून उभ्या खांबाला दोन्ही तळपाय दाबून, बेडकासारखं सरकत ती वर गेली. खाली कर्णा कडाडला, “प्रात्यक्षिक! ताई आपल्याला प्रात्यक्षिक दाखवून राह्यल्या!” आणि चहाकडे वळलेली माणसं कप घेऊन परत आली. मोबाइल वर झाले. दर्शनाची रांग थांबली.

वरच्या पट्टीवर ती घोड्यावर बसावं तशी बसली. फ्लेक्स सुतळीनं बांधला होता. बांधणाऱ्याला गाठी येत नव्हत्या. हिला येत होत्या. सुटत नव्हत्या त्या तिनं दातांनी तोडल्या. वरची कड सुटली, तसा वाऱ्यानं फ्लेक्स फुगला आणि उलटा होऊन मंडपावर आला. बर्फाचा डोंगर, पैलवान, कुऱ्हाड, बावीस शुभेच्छुक, सगळे खाली डोकं वर पाय. चहाचं पातेलं त्याखाली गेलं.

आता टाळ्या थांबल्या.

“पप्पा!” ती वरून म्हणाली. माइकची गरज नव्हती. “पासपोर्ट.”

“खाली ये.”

“पासपोर्ट.”

“अर्पे, लोक बघून राह्यलेत!”

“बघू द्या ना. लोकांसाठीच तर केलं सगळं.”

“पडशील!”

“बिलकुल न्हाई पडत.”

दोन ट्रॅक्टर, एक एसटी आणि दर्शनाच्या पाच-सहा जीपा चौकात अडकल्या होत्या. हॉर्न सुरू झाले. पुंजाराम नावाचे एक म्हातारे, आष्टीहून नातसुनेचा नवस फेडायला आले होते, ते जीपमधून अर्धे बाहेर आले.

“काय मागून राह्यली ती? पाणी का?”

“न्हाई बाबा, पासपोर्ट.”

“कुणाचा?”

“तिचाच.”

“तिचाच? मंग द्या की! जल्दी द्या. आमचा मुहूर्त चालला.”

जीपवाल्यांनी हे उचललं. द्या की, द्या की. कोण बरोबर, कोण चूक, याच्याशी त्यांना काडीचं घेणं नव्हतं. त्यांना रस्ता हवा होता. हे वरून अर्पिताला नीट दिसलं. खरं सांगितलं तेव्हा टाळ्या मिळाल्या. वाहतूक अडवली तेव्हा बाजू मिळाली. तिनं पट्टीवर उरलेली सुतळी तोडून खाली भिरकावली.

गर्दीतून दैवशाला आली. पदराला पीठ होतं. ती नवऱ्यासमोर उभी राहिली आणि तिनं तळहात पुढं केला.

“किल्ली.”

“तू घरी जा.”

“घरीच चालले. किल्ली द्या.”

रामप्रसादनं हॉटेलातल्या माणसांकडे पाहिलं. एक चपलेनं माती उकरत होता, एक फोनवर बोलत असल्यासारखं करत होता. त्यानं किल्ली काढली.

दैवशाला गेली आणि आली. हातात दोन पिशव्या, एकीत पासपोर्ट, एकीत धपाटे. अर्पिता खाली उतरली, चपला घातल्या. रामप्रसाद सांगाड्याला टेकून उभा होता. त्याच्या पांढऱ्या शर्टावर चहा सांडला होता.

“आता कोणत्या तोंडानं दुकानात बसू मी?”

“तुमच्याच,” अर्पिता म्हणाली.

ती पाया पडली नाही. निघताना पाया पडल्याशिवाय ती कधी गेली नव्हती, आणि तो वाट पाहत होता हे तिला कळत होतं.

अडकलेल्या एसटीपर्यंत आई सोबत आली. अर्पिता पायरीवर चढली आणि वळली.

“तू आधी का न्हाई बोललीस? सकाळी? कपाट उघडायला माणूस सांगाड्यावर चढावा लागतो का?”

“गाडी निघाली,” दैवशाला म्हणाली. “आत हो.”

कंडक्टरनं दोरी ओढली. अर्पिता खिडकीशी बसली. खडूनं पांढरे झालेले हात तिनं पुसले नाहीत. चौक मागे पडला तरी तिच्या दाढा घट्ट होत्या. तिनं पिशवी उघडून पासपोर्ट पाहिला, फोटोचं पान उघडलं, मिटलं, आणि तो सदऱ्याच्या आत कमरेला खोचला.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी दैवशालानं स्वतःच्या पासपोर्टचा अर्ज भरला होता. तोही आला, आणि त्याच कपाटात गेला.