व्हिसाआधीचा सत्कार

संपत ऑस्ट्रेलियाला गेला, असं सगळं पासली गाव सांगत होतं. याची खबर फक्त संपतला आणि ऑस्ट्रेलियाला नव्हती.

झालं होतं ते एवढंच, की तिकडच्या सरकारची एक सोय आहे. तिशीपर्यंतच्या, थोडंफार शिकलेल्या पोरांनी वर्षभर यावं, मिळेल ते काम करावं, हिंडावं-फिरावं आणि आपापल्या घरी जावं. येणारे फार, जागा कमी, म्हणून चिठ्ठ्या टाकतात. भोरला बीए झालेल्या संपतची चिठ्ठी निघाली. चिठ्ठी निघाली म्हणजे व्हिसा मिळाला नव्हे, व्हिसासाठी अर्ज करायची परवानगी मिळाली. हे संपतनं घरी, पारावर आणि पिठाच्या गिरणीत, तिन्हीकडे सांगितलं. तिन्हीकडे लोकांनी 'चिठ्ठी निघाली' एवढंच ऐकलं आणि बाकीचं बोलणं चालू असताना त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

आनंदराव पंचायत समितीला उभे राहणार होते. निदान तसं तेच सगळ्यांना सांगत. त्यांनी लगेच वेल्ह्याच्या एसटी स्टँडजवळ फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर आनंदराव मोठे, संपत मध्यम आणि कोपऱ्यात एक कांगारू, हात जोडून. खाली 'परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन'.

"तात्या, व्हिसा आला न्हाई अजून," संपत आनंदरावांना म्हणाला.

"यील की. व्हिसा मागनं आला तरी चालतो, सत्कार मागनं करून चालत न्हाई. आचारसंहिता लागती."

शाल झाली, नारळ झाला, घरोघरचे टॉवेल-टोपी झाले, बायकांनी ओवाळलं. सोजराबाई, म्हणजे त्याची आई, रीतसर रडली. मग ढोल वाजवत जीपमधून त्याला नसरापूरपर्यंत सोडलं. हायवेला उतरवून आनंदराव म्हणाले, "पोचलास की फोन कर," आणि जीप वळवली. संपतनं थोडा वेळ साताऱ्याकडं जाणाऱ्या गाड्या बघितल्या. मग एक उसाचा रस प्याला, तोंडाला रुमाल बांधला आणि वेल्ह्याची एसटी धरली.

सोजराबाईनं त्याला मागच्या दारानं घरात घेतलं. "आता गावात तोंड दाखवू नगंस. लोकांचं टावेल-टोप्या घिऊन बसलोय आपण!"

"मग मी ऱ्हाऊ कुठं, आये?"

"वर रानात. व्हिसा आला की जा गुमान."

गावाच्या वर, डोंगराच्या सपाटीला, त्यांच्या शेरडांचं खोपट होतं. हैबती, त्याचा बाप, कायम तिथंच असायचा. बोलणं बेताचं. पोराला चढून येताना बघून तो एवढंच म्हणाला, "लवकर आलास."

तर संपत वर शेरडं राखत, मोबाईलला रेंज मिळेल त्या कातळावर बसून अर्ज भरत राहिला. शेवटी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला तेवढा राहिला. तो महिनाअखेरीला जोडला नाही तर चिठ्ठी रद्द. आणि पुढच्या वर्षी संपतची तिशी सरत होती, म्हणजे पुन्हा नाव टाकायची सोय नाही. आत्ता नाही तर कधीच नाही.

चौकशीला हवालदार मानसिंग मोटरसायकलवरून पासलीला आले. पारावर गेनबा आणि ज्ञानू बसले होते.

"संपत इथंच राहतो का?"

"ऱ्हायचा. गेला की आस्ट्रेलियाला!" गेनबा म्हणाला. "फ्लेक्स न्हाई बघितला तुमी?"

"परवा फोन आलता त्याचा," ज्ञानूनं भर घातली. "लई थंडी हाय म्हणला."

मानसिंग घरी गेले. सोजराबाई दारात होती आणि सोजराबाईच्या दोन्ही बाजूंना शेजारणी होत्या.

"मावशी, मुलगा कुठंय?"

सोजराबाईनं शेजारणींकडं बघितलं. "गेला बाबा परदेशी," म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. आता तिला सवय झाली होती.

मानसिंगांनी अहवाल पाठवला, की अर्जदार दिल्या पत्त्यावर राहत नसून परदेशी गेल्याचे समजते. कातळावर मोबाईल वाजला, दाखला अडल्याचा मेसेज संपतनं वाचला आणि तो तसाच पळत वेल्ह्याच्या ठाण्यात गेला.

"साहेब, मी संपत."

मानसिंगांनी फोटो बघितला, त्याला बघितलं. "तू ऑस्ट्रेलियात हाईस."

"मी तुमच्या म्होरं उभा हाय!"

"ते दिसतंय मला. पण अख्खं गाव म्हणतंय तू गेलास. तुझी आई रडली माझ्यासमोर. मी आईला खोटं पाडू? गावातली दोन माणसं आण, तू इथंच राहतोस म्हणून जबाब देणारी."

संपत आनंदरावांकडं गेला. त्यांनी कपाळावर हात मारला. "आता तू गेलाच न्हाईस म्हणून सांगू? विरोधक फ्लेक्ससकट खातील मला. तू असं कर, परत ये."

"कुठनं?"

"आस्ट्रेलियातनं! स्वागत करू. मग तू गावात, जबाब देणारी माणसं गावात. मिटलं."

डोकं फिरायची वेळ होती, पण महिनाही सरत आला होता. म्हणून पुन्हा फ्लेक्स, 'मायदेशी परतल्याबद्दल', पुन्हा शाल, पुन्हा तेच कांगारू. संपतच्या हातात माईक देऊन अनुभव सांगायला लावला. "देश मोठा हाय," संपत म्हणाला. टाळ्या पडल्या. "शेरडं-मेंढरं लई हायत." आणखी टाळ्या.

कार्यक्रमाला बोलावलेले मानसिंग पुढच्या खुर्चीतून उठले. "जाऊन आला म्हणता, मग पासपोर्ट दाखव. शिक्का कुठाय? व्हिसा नसताना गेलास कसा? हा तर गुन्हा झाला!"

आनंदराव हार नीट करू लागले. संपतनं आईकडं बघितलं. सोजराबाई बायकांमधून उठली आणि तिनं पोराच्या हातातला माईक ओढून घेतला.

"कुठला आस्ट्रेलिया न् कुठलं काय! ह्यो वर शेरडं राखत हुता. म्या रोज भाकरी पोचवली. न्यायची तर मला न्या ठाण्यात, खोटं म्या बोलले. पोराचा कागद तेवढा द्या."

"एक जबाब झाला," मानसिंग म्हणाले. "दुसरा?"

"माझा घ्या," गेनबा उठला. "माझं चुकलेलं करडू त्यानंच आणून दिलं गेल्या आठवड्यात."

"मी रोज बघायचो त्याला कातळावर," ज्ञानू म्हणाला. मग शेजारणी उठल्या, गिरणीवाला उठला. सगळ्यांनीच संपतला कुठं ना कुठं बघितलं होतं.

मानसिंगांनी टोपी काढून डोकं धरलं. "अहो, मग मला का सांगितलंत गेला म्हणून?"

गेनबाला प्रश्नच समजला नाही. "त्याचा सत्कार झालता ना सायेब. पावण्या माणसाम्होरं आपल्या पोराचा पचका कसा करायचा?"

दाखला मिळाला. काही दिवसांनी खरा व्हिसाही आला. आनंदरावांनी फ्लेक्सचं नाव काढलं नाही. जीप दुरुस्तीला गेली होती. सोजराबाईनं भाकऱ्या बांधून दिल्या आणि ती एसटीपर्यंत आली. या खेपेला तिला रडताच येईना, नुसती पोराचा सदरा सरळ करत राहिली. हैबतीही डोंगर उतरून आला होता. "सावकाश ये," म्हणाला.

एवढ्यात पिशवी घेऊन ज्ञानू पलीकडून चालला होता. बॅग बघून थांबला.

"काय संपत, कुठं निघालास?"

"आस्ट्रेलियाला."

"परत?"